नाल्यावरचा रपटा

त्या वर्षी मी देवरीत थोरल्या बहिणीकडे राहत होतो. ज्या वृत्तपत्रात मी काम करत होतो त्याने आमची आवृत्ती बंद केली होती, आणि त्याच सुमारास बहिणीचा गुडघा दुखावला होता. ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळा देवरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावात होती. तिथे बस जात नव्हती. तिला दुचाकीवरून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मधल्या वेळात परत येऊन पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबायचो. पुढे लिहिलं आहे ते तिथे थांबल्यामुळे पाहिलेलं आहे.

गावाच्या अलीकडे एक नाला होता. त्याच्यावर पूल नव्हता. कोरड्या दिवसांत बहीण गाडीवरून उतरून दगडांवरून पलीकडे जायची आणि मी गाडी वाळूतून ढकलत न्यायचो. पावसाळ्यात पाणी चढलं की आम्ही काठावर थांबून पाहायचो आणि बहुधा परत फिरायचो. त्या दिवशी शाळा भरत नसे.

शाळेला दोन खोल्या होत्या. एकीचं छत गळत होतं. पावसाळ्यात चारही वर्ग आणि पोषण आहाराचा तांदूळ दुसऱ्या खोलीत असत. जागा कमी पडली की मुलं व्हरांड्यात येत, तांदूळ आतच राही. शिक्षकांची पदं दोन होती, त्यातलं एक बऱ्याच वर्षांपासून रिकामं होतं. बहिणीने फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून त्याचे चार भाग केले होते. पहिलीला अक्षर लिहून द्यायचं, ते गिरवतात तोवर दुसरीची बेरीज, मग तिसरीचा धडा. चौथीकडे वळेपर्यंत पहिलीतली मुलं बाहेर चिंचेखाली गेलेली असत.

विजेची जोडणी होती, पण बिल थकल्याने मीटर काढून नेलं होतं. शाळेला मिळालेले टॅब कपाटात होते. जेवणाचा फोटो मात्र रोज पाठवावा लागे आणि फोनला रेंज फक्त तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर मिळायची. बहिणीला तेवढं चालवत नव्हतं, म्हणून फोन घेऊन मी जायचो. एखादी माहिती तिनेच भरायची असली तर ती लंगडत जायची आणि वर्ग माझ्याकडे असे. मला शिकवता येत नव्हतं. मी मुलांना गप्प बसवायचो.

पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी काही घरी गोंडी बोलत, काही छत्तीसगढी. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी तिसरीच भाषा होती. एका चित्रात शहरातला सिग्नल होता. बहिणीने तो समजावून सांगितला. एका मुलीने विचारलं, दिवसा दिवा काऊन लावून ठेवला? बहिणीने पुन्हा समजावलं. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की घरंच्या घरं पहाटे झाडाखाली जात. मुलं उशिरा शाळेत यायची, केसांना तो गोडसर वास असायचा, आणि भिंतीला टेकून झोपायची. जुलैत धानाची रोवणी. तेव्हा मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत.

याचा परिणाम जो व्हायचा तो होत होता. चौथीतल्या बहुतेकांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. बहिणीला हे माहीत होतं. एकदा परतताना ती मागून म्हणाली, "पुढच्या वर्षी हे पाचवीत जाणार. तिथले शिक्षक विचारतील, चार वर्षं काय केलं? मला सांगता येणार नाही."

तिच्या हाताखाली वाचायला शिकलेली एक मुलगी मात्र होती. ती तिसरीत होती. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष तिचा बाप. धानाची थोडी शेती करणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दिवाळीच्या आसपास त्या मुलीला वाचता यायला लागलं आणि मग तिने काही सोडलं नाही. तांदळाच्या पोत्यावरचा मजकूर, भिंतीवरच्या जुन्या घोषणा, माझ्या गाडीच्या मडगार्डवरचं दुकानाचं नाव. एके दिवशी मी डबा गुंडाळून आणलेला पेपर तिने उलगडून वाचायला घेतला.

"काका, तुम्ही असंच लिहून राहत होते काय पेपरात?"

"हो."

"अन् वाचत कोण होतं?"

बहीण इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

त्या मुलीची मोठी बहीण चौथीनंतर घरी बसली होती. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात होती. आधी नाला, मग जंगलातली पायवाट, मग डांबरी रस्ता. मोहाच्या दिवसांत त्या पायवाटेवर अस्वलं येतात. धाकटीबद्दल बापाचा हिशेब साधा होता आणि तो त्याने बहिणीला बरेचदा सांगितला होता. चौथीपर्यंत इथे शिकेल. तोवर अंगाने मोठी होईल. मग तिला सायकल घेऊ. "एवढी लहान असताना नाही धाडवत, मॅडम. पोरींची माय आजही म्हणते, एक पोरगी घरी बसवली, आता दुसरी नोको."

म्हणजे त्या मुलीसाठी शाळा अजून दीड वर्ष तिथे असणं गरजेचं होतं.

हिवाळ्याच्या शेवटी कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू झाली. आमच्या शाळेचा पट कमी होता, त्याबद्दल वाद नव्हता. बहिणीला अहवाल द्यायचा होता. तिला त्यात जंगल लिहायचं होतं, अस्वल लिहायचं होतं, सहा वर्षांच्या मुलाची चाल लिहायची होती. पण दोन गावांच्या मध्ये नैसर्गिक अडथळा आहे का, एवढंच विचारलेलं होतं. तिने नाला लिहिला. पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, असं लिहिलं. त्यावरून तालुक्याचा एक अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येईल, असं शुक्रवारी कळलं. बहिणीने अध्यक्षाला सांगितलं, मंगळवारी साहेब येणार आहेत, पालकांना बोलावून ठेवा. यापेक्षा जास्त ती काही बोलली नाही. सांगण्यासारखं आणखी काही आहे, असं तिला वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आम्ही नाल्यावर आलो तेव्हा मी सवयीने ब्रेक दाबला. बहीण सवयीने उतरली.

नाल्यावर रपटा बांधलेला होता. तळाशी सिमेंटचे पाइप, त्यावर दगडांची रांग, वर मुरूम, आणि मुरूम पाणी मारून ठोकून घट्ट केलेला. दोन्ही बाजूंना उतार दिलेला. वरच्या अंगाला दगड असे बसवलेले की पाण्याचा मार थेट मातीवर येऊ नये, आणि एका कडेला जास्तीचं पाणी निघून जायला थोडा खोलगट सांडवा. या गावातल्या जुन्या घरांचे पूर्वज तलाव बांधणारे होते. शाळेमागचा तलाव त्यांचाच. अजूनही दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस पारीवर माती टाकायला जातो आणि ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घराबद्दल वर्षभर बोललं जातं. रविवारी हीच घरटी एक माणसं नाल्यावर आली होती. पाइप पंचायतीच्या आवारात कधीपासून पडून होते.

अध्यक्ष पलीकडच्या काठावर उभा होता. त्याच्या तोंडावर हसू होतं. मी त्याला हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

"उतरल्या काऊन मॅडम? आता उतराचं काम नाही."

"हे कोणी करायला सांगितलं?"

"सांगाले कायले पाहिजे? साहेब येऊन राहिला. त्याची गाडी फसली तर आपली इज्जत राहील काय? मागे लग्नाची गाडी फसली होती, तर तिकडचे अजून विचारतात, तुमच्या गावाले डोंग्यात बसून यावं लागते काय म्हणून."

बहीण रपट्यावरून चालत गेली. मधोमध थांबून तिने खाली पाइपांकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "दुपारी सगळ्यांना बोलवा."

दुपारी चिंचेखाली माणसं जमली. तिने सांगितलं की साहेब गाव पाहायला येत नाहीत, नाला पाहायला येत आहेत. नाला अडवतो म्हणून शाळा इथे आहे. नाला अडवत नसेल तर शाळा पलीकडच्या गावात जाईल. हे तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा त्यांच्या बोलीत. नंतर कोणीतरी म्हणालं, "मंग आता?"

"आज संध्याकाळी पाइप काढून टाका. साहेब जाऊ द्या. मग पुन्हा बांधा."

समोर बसलेल्या एका म्हातारीने मान वर केली. "पार फोडाची?"

"पार नाही, आजी. रपटा आहे."

"पाण्यावर माती टाकली, दगड ठोकला, त्याले पारच म्हणतात व बाई. आपल्या हातानं बांधली ते आपल्या हातानं नाही फोडत. फोडणाऱ्याच्या घरचं पाणी नाही पेत आम्ही."

बहिणीने अध्यक्षाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. बाकीचेही. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं शाळेत होती. एक तरुण माणूस म्हणाला, मी फोडतो, माह्या मनात काही नाही. त्याच्या काकाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "अन् मेल्यावर तुले खांदा कोण देईल गा? मॅडम देईल?" काही जण हसले. तो तरुण बसला.

शेवटी अध्यक्ष म्हणाला, "मी सांगतो साहेबाले. अस्वलाचं सांगतो, पोट्ट्यांचं सांगतो. माणूस आहे, समजल."

सगळे उठल्यावर बहीण त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अस्वलाचं सांगून होणार नाही. तुम्ही एकच सांगा. पावसाळ्यात हा वाहून जातो. बस."

"पण जात नाही ना, मॅडम."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

तिने त्याला त्याच्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, तिची तुम्हाला काळजी आहे ना? त्याने मान हलवली. तिने तो होकार धरला.

मंगळवारी अधिकारी आला. त्याच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाही. त्याने चहा घेतला, नाश्ता नको म्हणाला, गळणारं छत पाहिलं, टॅब का बंद आहेत विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. मुलांशी तो नीट बोलला. कोणाला वाचता येतं विचारल्यावर सगळ्यांनी एकाच मुलीकडे पाहिलं. तिने उठून पानभर धडा वाचला, मध्ये कुठेही न अडखळता. खाली बसताना तिने बापाकडे पाहिलं. तो दारात उभा होता.

"बहोत बढिया," अधिकारी म्हणाला. तो गोंदियाचा होता आणि खूश झाला की हिंदीत जात होता. "मॅडम, ही मुलगी कुठेही गेली तरी चमकेल."

बहीण म्हणाली, "सर, कुठेही जाता आलं तर."

निघताना तो रपट्यापाशी गाडीतून उतरला. सगळं गाव मागे होतं. त्याने दगड बघितले, सांडवा बघितला, बुटाने मुरूम दाबून पाहिला.

"किसने बनवला? कंत्राटदार कोण?"

"कंत्राटदार कायले येईल इकडे, साहेब? गावानं बांधला." मागून कोणीतरी सांगितलं.

"गावाने?" त्याने मोबाइल काढून फोटो घेतला. "आमचा कंत्राटदार असं काम करत नाही. वा." मग अध्यक्षाकडे वळून त्याने विचारलं, "पावसाळ्यात टिकेल ना हा?"

बहीण त्या वेळी अध्यक्षाच्या शेजारी होती. मी गाडीपाशी होतो. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने आधी बहिणीकडे पाहिलं नाही, आधी रपट्याकडे पाहिलं. मागे म्हातारी होती, काका होता, रविवारी मातीची टोपली उचललेली सगळी माणसं होती.

"टिकल, साहेब," तो म्हणाला. "आमच्या हातचा आहे."

लगेच तो अस्वलाचं बोलायला लागला. मोहाच्या दिवसांचं, पायवाटेचं, लहान पोरांचं. त्या महिन्यात तो एवढं बोलला नसेल. अधिकाऱ्याने ऐकलं. म्हणाला, अस्वल तर या तालुक्यात सगळीकडेच आहे. वाहनाची सोय होईल, काळजी करू नका. मग त्याची गाडी रपट्यावरून गेली. जराही हेलपाटली नाही.

घरी गुडघ्याला तेल लावताना बहीण म्हणाली, "तो खोटं बोलला असता तर मी त्याला चांगला माणूस म्हटलं असतं." पुढे तिने हा विषय काढला नाही.

त्या आठवड्यात एका स्थानिक वार्ताहराने रपट्याची बातमी दिली. श्रमदानातून गावाने रस्ता खुला केला, अशी. सोबत फोटो होता. बातमीत चूक नव्हती. मी ती दोनदा वाचली. माझ्याकडे आली असती तर मीही तशीच लावली असती.

आदेश उन्हाळ्याच्या सुटीत आला. सामान हलवायला ट्रॅक्टर आला. आधी तांदूळ गेला, मग टॅब, मग कपाट. फळा भिंतीतच बसवलेला असल्यामुळे राहिला. बहिणीने खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि खोलीला कुलूप लावून किल्ली पंचायतीत दिली. तिची नेमणूक महामार्गावरच्या एका मोठ्या शाळेत झाली. तिथे बस थांबते. ओळखीच्या शिक्षकांनी तिचं अभिनंदन केलं.

जूनमध्ये मुलांना न्यायला ऑटो येऊ लागला. काही आठवडे आला. मग कधी यायचा, कधी नाही. मग येईनासा झाला. कारणं वेगवेगळी सांगितली गेली. जी मोठी मुलं होती ती काही दिवस चालत गेली. दोघांना आश्रमशाळेत टाकलं. पहिली-दुसरीतली घरी राहिली. अध्यक्षाने मुलीला काही दिवस स्वतः नेऊन सोडलं. नंतर रोवणी आली. धानाच्या बांधीत माणूस लागतो, आणि पोरीला शाळेत सोडून यायचं म्हणजे सकाळ जाते. आश्रमशाळेत राहायला पाठवायला तिची आई तयार नव्हती. रोवणी संपल्यावर मुलगी पुन्हा गेली नाही. पलीकडच्या शाळेत तिचं नाव होतं. बहिणीने तिथल्या शिक्षकाला फोन करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कागदावर सगळे आहेत.

त्या पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला. देवरीतले दोन सरकारी पूल काही दिवस बंद होते. रपट्यावरून पाणी गेलं, ओसरलं, पुन्हा गेलं. सांडव्याने आपलं काम केलं. एक दगड हलला नाही.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. दरवर्षीप्रमाणे नाटक होतं, आणि गावाने बहिणीला निरोप पाठवला होता. तिला यायचं नव्हतं. माझ्या हाती तिने मुलांसाठी खाऊ दिला. मी संध्याकाळच्या आधी पोचलो. रपट्यावर अध्यक्ष होता. नाल्यात उतरून तो पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा हाताने काढत होता. समिती शाळेबरोबरच गेली होती, पण मी त्याला अजून मनात अध्यक्षच म्हणतो.

"मॅडम नाही आल्या?"

"पाय दुखतो."

"हाव." त्याने ओला पाला काठावर टाकला. "ट्रॅक्टर जातात आता इथून. मुरमाचे. रोज जातात."

वरून शेळ्या आल्या. मागे त्याची मुलगी होती. हातात काठी, कडेवर कोणाचं तरी तान्हं मूल. मी खाऊची पिशवी पुढे केली. तिने ती काठीच्याच हाताने धरली. पिशवीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आत काय आहे ते पाहिलं, "मॅडमनं देल्ला काय?" असं विचारलं आणि मी हो म्हटल्यावर शेळ्या हाकत रपट्यावरून पलीकडे गेली.

बाप नाल्यातून तिच्याकडे पाहत होता. ती दूर गेल्यावर त्याने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरात होते. तुम्ही सांगा. त्या दिवशी मी खोटं सांगाले पाहिजे होतं काय?"

मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. मग वाकून त्याने हात पुन्हा पाइपात घातला, कोपरापर्यंत, आणि आतला गाळ ओढून काढू लागला.